केकी मूस

केकी मूस (पूर्ण नाव: कैखुश्रू माणेकजी मूस, जन्म: मुंबई, २ ऑक्टोबर १९१२, मृत्यू: चाळीसगाव, ३१ डिसेंबर १९८९) हे भारतीय छायाचित्रकार, चित्रकार, शिल्पकार आणि कलावस्तूंचे संग्राहक होते. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव येथील रेल्वे स्थानकाजवळच्या दगडी बंगल्यात त्यांनी आयुष्याची सुमारे पन्नास वर्षे जवळजवळ संपूर्ण एकांतवासात काढली आणि तेथेच आपले बहुतेक काम केले. टेबलावर मांडलेल्या लहानशा देखाव्यातून विस्तीर्ण भूदृश्याचा आभास निर्माण करणाऱ्या ‘टेबल-टॉप’ छायाचित्रणासाठी, तसेच कृष्णधवल व्यक्तिचित्रांसाठी ते ओळखले जातात. महाराष्ट्रात त्यांचा उल्लेख ‘कलामहर्षी’ या उपाधीने केला जातो.

मूस यांचे नाव सर्वसामान्य वाचकापर्यंत पोहोचले ते मुख्यतः त्यांच्या एकांतवासाभोवती गुंफल्या गेलेल्या प्रेमकथेमुळे. मात्र छायाचित्रणाच्या दृष्टीने त्यांच्या कामाचे महत्त्व वेगळे आहे. दृश्यातील प्रकाश आणि अंधार यांतील मोठे अंतर छायाचित्राच्या मर्यादित पट्ट्यात कसे बसवावे, हा या माध्यमाचा सर्वांत जुना प्रश्न आहे. आजचे छायाचित्रकार शहराची रात्र टिपताना तो ‘एचडीआर’ आणि ‘टोन मॅपिंग’ या संगणकीय तंत्रांनी सोडवतात. टेबल-टॉप पद्धतीत तो कॅमेऱ्याची कळ दाबण्यापूर्वीच, दिव्यांची मांडणी करून सोडवला जातो.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

मूस यांचा जन्म मुंबईतील मलबार हिल भागात एका पारशी कुटुंबात झाला. वडिलांचे नाव माणेकजी आणि आईचे नाव पिरोजा. कुटुंबाचा व्यवसाय चाळीसगाव येथे होता. मुलाने पुढे तोच व्यवसाय सांभाळावा अशी वडिलांची इच्छा होती. मुलाचा ओढा मात्र लहानपणापासून चित्रकलेकडे होता. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. वडिलांच्या निधनानंतर आईच्या पाठिंब्याने ते कलाशिक्षणासाठी इंग्लंडला गेले.

इंग्लंडमध्ये त्यांनी शेफील्ड येथील बेनेट कॉलेजचा व्यावसायिक कलेचा अभ्यासक्रम पूर्ण केला. छायाचित्रण हा या अभ्यासक्रमाचाच एक भाग होता. चित्रकार होण्यासाठी गेलेल्या मूस यांना कॅमेऱ्याची गोडी लागली ती येथे. त्यानंतर त्यांनी अमेरिका, जपान, रशिया आणि स्वित्झर्लंड या देशांचा प्रवास करून तेथील कलाप्रदर्शने पाहिली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस ते भारतात परतले आणि मुंबईत व्यवसाय न थाटता चाळीसगावी आईकडे गेले. ज्या माणसाने तरुणपणी अर्धे जग पाहिले, त्याने पुढे गावाची वेसही क्वचितच ओलांडली.

चाळीसगाव

चाळीसगाव हे मुंबई–भुसावळ लोहमार्गावरील जंक्शन असून मुंबईपासून सुमारे सव्वातीनशे किलोमीटरवर आहे. १९०० मध्ये येथून धुळ्यापर्यंत सुमारे ५६ किलोमीटरचा फाटा सुरू झाला. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाल्यानंतर जळगाव व धुळे ही दोन्ही जिल्ह्यांची ठिकाणे याच लोहमार्गाने एकमेकांशी जोडलेली राहिली. कापसाच्या बाजारपेठेमुळे आणि रेल्वेमुळे या पट्ट्यात पारशी, गुजराती आणि मारवाडी व्यापारी स्थिरावले होते. मूस कुटुंबाचे चाळीसगावी असणे याच इतिहासाचा भाग आहे.

छायाचित्रणाशी खानदेशाचा संबंध मूस यांच्याही आधीचा आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करणारे लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून अनेक वर्षे त्या लेण्यांत काम केले. त्यांनी रंगवलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. पुढे गिल यांनी कॅमेराही हाती घेतला आणि पश्चिम भारतातील वास्तूंची छायाचित्रे काढली. १८७९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कबर भुसावळ येथे आहे. दाराशी लख्ख ऊन आणि आत दाट काळोख अशा लेण्यांत त्या काळच्या कॅमेऱ्याला दोन्ही गोष्टी एकाच वेळी टिपता येत नसत. प्रकाशाच्या या तफावतीशी सामना करणे प्रत्येक छायाचित्रकाराला भाग पडते, आणि मूस यांच्या कामाचा गाभाही तोच होता.

एकांतवास

चाळीसगावच्या बंगल्याला मूस यांनी आरंभी सतराव्या शतकातील डच चित्रकार रेम्ब्रांट यांच्यावरून ‘रेम्ब्रांट्स रिट्रीट’ असे नाव दिले होते. पुढे तो ‘आशीर्वाद’ या नावाने ओळखला जाऊ लागला. पहिल्या नावाची निवड सूचक आहे. गडद पार्श्वभूमी, एका बाजूने येणारा प्रकाश आणि त्या प्रकाशात उजळलेला चेहऱ्याचा नेमका भाग ही रेम्ब्रांट यांच्या व्यक्तिचित्रांची ओळख आहे. छायाचित्रणातही, गालावर प्रकाशाचा लहानसा त्रिकोण पाडणाऱ्या प्रकाशयोजनेला त्यांचेच नाव मिळालेले आहे.

या घरात राहू लागल्यानंतर मूस यांनी बाहेर पडणे जवळजवळ सोडून दिले. पुढील पाच दशकांत ते केवळ दोनदा घराबाहेर पडले असे त्यांच्याविषयीच्या लेखनात सांगितले जाते. त्यांपैकी एक प्रसंग आचार्य विनोबा भावे यांचे छायाचित्र घेण्याचा होता. एकांतवास म्हणजे माणसांचा तिटकारा नव्हे, हे घरी येणाऱ्यांच्या नावांवरून दिसते. कलावंत, लेखक, राजकीय नेते आणि समाजसेवक त्यांना भेटायला चाळीसगावी येत. घर हाच त्यांचा स्टुडिओ होता.

पंजाब मेलची कथा

मूस यांच्या एकांतवासाचे कारण म्हणून एक कथा सर्वत्र सांगितली जाते. ज्या तरुणीशी त्यांचे लग्न व्हावयाचे होते, तिने एके रात्री पंजाब मेलने चाळीसगावी येऊन त्यांच्याबरोबर जेवण्याचे वचन दिले होते; ती आली नाही, आणि मूस आयुष्यभर तिची वाट पाहत राहिले, असा या कथेचा आशय आहे. रोज रात्री पंजाब मेलच्या वेळेला ते घराची दारे-खिडक्या उघडीत, दिवे लावीत आणि पाहुण्यासाठी ताट मांडून ठेवीत, असेही सांगतात.

योगायोग असा की, मुंबईहून थेट पेशावरपर्यंत जाणारी पंजाब मेल १ जून १९१२ रोजी, म्हणजे मूस यांच्या जन्माच्या वर्षीच सुरू झाली. फाळणीनंतर तिचा प्रवास फिरोजपूरपर्यंत मर्यादित झाला. रेल्वेवर उभ्या राहिलेल्या गावात गाडीची वेळ हेच घड्याळ असते, त्यामुळे ही कथा लोकस्मृतीत चटकन रुजली. वृत्तपत्रीय लेखन आणि ललित लेखन यांतून ती वारंवार सांगितली गेली. याचा परिणाम असा झाला की, वाट पाहणारा प्रेमिक ही मूस यांची ओळख ठळक झाली आणि छायाचित्रकार म्हणून त्यांनी काय केले याची चर्चा तुलनेने मागे पडली. त्यांच्या जीवनाचा विचार करताना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. घरात बसून राहिल्याने कोणी छायाचित्रकार होत नाही. घरात राहूनही छायाचित्रणाचे क्षेत्र रुंदावता येते, हे मूस यांनी कामातून दाखवले.

छायाचित्रण

परंपरा

भारतात छायाचित्रण लवकर रुजले ते मुंबईत. १८५४ मध्ये तेथे ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ ही संस्था स्थापन झाली. पारशी समाजाचा या माध्यमाशी निकटचा संबंध राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शापूर भेडवार यांनी पात्रे, वेशभूषा आणि नेपथ्य यांची मांडणी करून नाट्यमय छायाचित्रे काढली. मूस यांच्या समकालीन होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांनी त्याच्या नेमकी उलट वाट धरली. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्या घटना जेथे घडत तेथे कॅमेरा घेऊन जात. मूस भेडवार यांच्या मार्गाला जवळचे होते. त्यांच्यासाठी छायाचित्र हे आधी मनात रचण्याची आणि मग टिपण्याची गोष्ट होती.

विसाव्या शतकाच्या मध्याला अशा कलात्मक छायाचित्रणाचे मुख्य व्यासपीठ म्हणजे देशोदेशी भरणारी स्पर्धात्मक प्रदर्शने होती. छायाचित्रकाराने आपल्या हाताने तयार केलेली प्रत टपालाने पाठवावी आणि परीक्षकांनी ती निवडावी, अशी त्यांची पद्धत होती. चाळीसगावसारख्या गावात राहणाऱ्या कलावंताला जगाशी जोडणारा हाच धागा होता. माणूस घरी राहिला तरी चित्रे प्रवास करू शकत. मूस यांना अशा प्रदर्शनांतून व स्पर्धांतून तीनशेच्या वर पारितोषिके मिळाल्याचे सांगितले जाते.

टेबल-टॉप छायाचित्रे

टेबल-टॉप छायाचित्रणात घरातल्या साध्या वस्तू, खेळणी, काटक्या, माती, कागद, पीठ किंवा पूड अशा साहित्यातून टेबलावर एक देखावा उभारला जातो आणि तो खऱ्या भूदृश्यासारखा भासेल अशा रीतीने टिपला जातो. मूस यांच्या या प्रकारातील कामात हिमाच्छादित प्रदेशाचा आभास निर्माण करणाऱ्या चित्रांचाही समावेश आहे. खानदेशात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. त्याच प्रदेशातील एका खोलीत ही बर्फाळ दृश्ये तयार झाली.

या प्रकारात मुख्य अडचण प्रमाणाची असते. लेन्स वस्तूच्या अगदी जवळ आल्यावर दृश्याचा फारच थोडा भाग स्पष्ट दिसतो आणि पुढचे-मागचे सारे धूसर होते. ही धूसरता दिसताच पाहणाऱ्याला देखावा लहान असल्याचे कळते. त्यामुळे लेन्सचे छिद्र अतिशय बारीक ठेवावे लागते; छिद्र बारीक झाले की प्रकाश कमी पडतो आणि फिल्मवर तो दीर्घ काळ पडू द्यावा लागतो. टेबलावरची वस्तू हलत नसल्याने असे दीर्घ उद्भासन शक्य होते. दुसरी अडचण पोताची. वाळूचा कण दगडासारखा किंवा पिठाचा थर बर्फासारखा दिसायचा असेल, तर कणाचा आकार देखाव्याच्या प्रमाणाशी जुळावा लागतो.

तिसरी आणि सर्वांत कळीची गोष्ट म्हणजे प्रकाश. खऱ्या निसर्गात सूर्य एकच असतो आणि तो फार दूर असतो, म्हणून सर्व सावल्या एकाच दिशेने पडतात. टेबलावर दिवा जवळ ठेवला तर सावल्या पसरट होतात आणि देखाव्याच्या एका टोकाला प्रकाश अधिक, दुसऱ्या टोकाला कमी पडतो. दिव्याचे अंतर दुप्पट केले की वस्तूवर पडणारा प्रकाश चौपटीने कमी होतो. या एका नियमाच्या आधारे छायाचित्रकार दिवे पुढे-मागे सरकवून उजेड आणि सावली यांचे प्रमाण हवे तसे ठरवू शकतो. भर दुपार, तिन्हीसांज किंवा चांदणे हे सारे त्या प्रमाणातून आणि दिव्याच्या उंचीतून साकारते.

व्यक्तिचित्रे

मूस यांनी काढलेल्या व्यक्तिचित्रांत पंडित जवाहरलाल नेहरू, आचार्य विनोबा भावे, जयप्रकाश नारायण आणि बाबा आमटे यांच्यासारख्या नामवंतांची चित्रे आहेत. व्यक्तिचित्रणातही प्रकाशाचे तत्त्व तेच राहते. मुख्य दिवा चेहऱ्याची एक बाजू उजळतो आणि दुसऱ्या बाजूची सावली किती गडद ठेवायची हे दुय्यम प्रकाशावर अवलंबून असते. सावली फार उजळली तर चेहरा सपाट होतो आणि फार गडद राहिली तर अर्धा चेहरा हरवतो. सुरकुत्यांनी भरलेल्या वृद्ध चेहऱ्याच्या बाबतीत हा समतोल विशेष नाजूक असतो, कारण प्रत्येक सुरकुती स्वतःची एक सावली घेऊन येते.

प्रकाशाच्या मर्यादेचा प्रश्न आणि एचडीआर

कृष्णधवल छायाचित्रणात दृश्य, निगेटिव्ह आणि कागद अशा तीन पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीवर प्रकाशाचा पट्टा अरुंद होत जातो. रात्रीच्या शहरात जळता दिवा आणि त्याच्या मागच्या गल्लीतील भिंत यांच्या तेजस्वितेत हजारो पटींचा फरक असू शकतो. निगेटिव्ह त्यातील बराच भाग नोंदवू शकते. कागद मात्र कितीही चकचकीत असला तरी त्यावरचा सर्वांत शुभ्र आणि सर्वांत काळा भाग यांत साधारण शंभरास एक एवढेच प्रमाण असते. याचा अर्थ, कागदावर उमटणारे प्रत्येक छायाचित्र ही प्रकाशाची तडजोड असते. काय दाखवायचे आणि काय अंधारात ठेवायचे, हे कोणीतरी ठरवावेच लागते.

ही निवड हाताने करण्याची परंपरा जुनी आहे. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५० च्या दशकात समुद्राची चित्रे घेताना आकाशासाठी एक आणि पाण्यासाठी दुसरी निगेटिव्ह वापरून दोन्हींची मिळून एक प्रत केली. अंधारखोलीत प्रत तयार करताना काही भागांवर हाताची किंवा पुठ्ठ्याची आड धरून तो उजळ ठेवणे आणि काही भागांवर अधिक वेळ प्रकाश पाडून तो गडद करणे, ही मूस यांच्या पिढीतील मुद्रणकारांची नित्याची रीत होती. १९३९–४० च्या सुमारास अमेरिकेत अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे अकरा विभाग कल्पून या निवडीला मोजमापाची शिस्त दिली. ती ‘झोन पद्धती’ म्हणून ओळखली जाते.

शहराच्या रात्रीच्या छायाचित्रणाने याच काळात स्वतंत्र स्थान मिळवले. ब्रासाई यांचे पॅरिसच्या रात्रीवरील पुस्तक १९३३ मध्ये आणि बिल ब्रँट यांचे लंडनच्या रात्रीवरील पुस्तक १९३८ मध्ये आले. धुके, ओले रस्ते, आणि दिवा झाकून टाकणारा खांब किंवा झाड यांचा उपयोग रात्री छायाचित्र घेणाऱ्यांना फार होतो. ओल्या फरशीवरून परावर्तित झालेला उजेड सावल्यांत थोडा प्रकाश आणतो आणि दिवा आडोशाला गेला की निगेटिव्हवरचा पांढरा डाग टळतो. फिल्मची आणखी एक मर्यादा येथे जाणवते. उद्भासन फार दीर्घ झाले की फिल्मची संवेदनशीलता घटते, म्हणून गणिताने येणाऱ्या वेळेपेक्षा अधिक वेळ द्यावा लागतो.

संगणकाच्या युगात याच प्रश्नाला नवे उत्तर मिळाले. एकाच दृश्याची कमी-अधिक उद्भासनाची अनेक छायाचित्रे तिपाईवर कॅमेरा स्थिर ठेवून घ्यायची आणि त्यांतून प्रकाशाचा संपूर्ण विस्तार असलेले एक चित्र तयार करायचे, या तंत्राला ‘हाय डायनॅमिक रेंज’ किंवा संक्षेपाने एचडीआर म्हणतात. पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांनी १९९७ मध्ये त्याची एक मूलभूत पद्धत मांडली. असे चित्र साध्या पडद्यावर किंवा कागदावर जसेच्या तसे दाखवता येत नाही. त्यातील छटा पडद्याच्या अरुंद पट्ट्यात बसवण्याच्या प्रक्रियेला टोन मॅपिंग म्हणतात. २००२ मध्ये एरिक राइनहार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली पद्धत अॅडम्स यांच्या झोन पद्धतीवर आणि अंधारखोलीतील आड धरण्याच्या रीतीवर उघडपणे आधारलेली होती. जे काम पूर्वी हात करीत असे, ते येथे गणित करू लागले.

या तंत्राचा अतिरेक झाला की रात्रीच्या चित्रात काही ठराविक दोष दिसतात. दिव्यांभोवती आणि इमारतींच्या कडांना अनैसर्गिक वलये उमटतात, आकाश करड्या रंगाचे होते आणि प्रत्येक कोपरा सारखाच उजळल्याने नजर कोठेच स्थिरावत नाही. शहर दिसते, पण रात्र नाहीशी होते. मोबाइलचे कॅमेरे आज ही प्रक्रिया आपोआप करतात, त्यामुळे वापरणाऱ्याला आपण निवड केली आहे याची जाणीवही राहत नाही.

मूस यांची टेबल-टॉप छायाचित्रे या संदर्भात अभ्यासनीय ठरतात. एचडीआरमध्ये प्रकाशाचा विस्तार आधी पूर्ण नोंदवला जातो आणि नंतर आकुंचित केला जातो. टेबल-टॉप पद्धतीत दृश्यच असे उजळले जाते की त्यातील उजेड आणि काळोख यांचे प्रमाण कागदाला पेलावे. पहिल्या पद्धतीत निर्णय शेवटी होतो, दुसरीत तो सुरुवातीलाच झालेला असतो. त्यामुळे अशा चित्रातील काळा भाग हा तंत्राच्या मर्यादेमुळे उरलेला काळा नसतो. तो कलावंताने ठरवून ठेवलेला असतो.

अन्य कला आणि संग्रह

छायाचित्रणाखेरीज मूस यांनी चित्रकला, शिल्पकला आणि काष्ठशिल्प या माध्यमांत काम केले. कागदाच्या घड्यांतून आकृती घडवण्याची जपानी कला, म्हणजेच ओरिगामी, त्यांना अवगत होती. ते सतार वाजवीत आणि संगीताचे जाणकार श्रोते होते. त्यांच्या संग्रहात जुन्या मूर्ती, भांडी, लाकडी सामान, खेळणी, ध्वनिमुद्रिका आणि मोठा ग्रंथसंग्रह होता.

या संग्रहाचा आणि छायाचित्रणाचा संबंध निकटचा मानता येतो. जो माणूस वस्तूंसाठी बाजारात किंवा देखाव्यांसाठी प्रवासाला जात नाही, त्याच्यासाठी घरातील वस्तू हेच जग असते. कागदाला घडी घालताना पडणारी सावली, लाकडाचा पोत, धातूवरची चकाकी यांचा शिल्पकार म्हणून झालेला सराव देखावा उभारणाऱ्या छायाचित्रकाराला थेट उपयोगी पडणारा असतो.

निधन आणि वारसा

३१ डिसेंबर १९८९ रोजी चाळीसगाव येथे मूस यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात त्यांचे घर आणि संग्रह ‘कलामहर्षी केकी मूस कलाप्रतिष्ठान’ या संस्थेच्या वतीने संग्रहालय म्हणून जतन करण्यात आले. तेथे त्यांची छायाचित्रे, चित्रे, शिल्पे आणि संग्रहातील वस्तू पाहावयास मिळतात. पाटणादेवी, पितळखोरे आणि अजिंठा पाहण्यासाठी या भागात येणारे अभ्यासक या घरालाही भेट देतात.

अशा वारशापुढील अडचणी केवळ जागेच्या किंवा निधीच्या नसतात. कृष्णधवल निगेटिव्ह आणि प्रती यांतील प्रतिमा जिलेटिनच्या थरात अडकलेल्या चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची असते. अति उष्णता आणि पावसाळ्यातील दमटपणा यांच्या आवर्तनाने हा थर फुगतो, आकसतो आणि कालांतराने सुटू लागतो. चांदीचा प्रदूषित हवेशी संपर्क आला की प्रतिमेवर पिवळट छटा येते. अॅसिटेटच्या फिल्मचा पायाच कालौघात विघटित होऊन तिला व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो. खानदेशासारख्या तीव्र उन्हाळ्याच्या प्रदेशात थंड व कोरडी साठवण ही अशा संग्रहांची पहिली गरज असते आणि त्याबरोबरच त्यांचे अंकीकरण करणे इष्ट ठरते.

अंकीकरणातही प्रकाशाचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. निगेटिव्हमध्ये कागदावर उमटवलेल्या प्रतीपेक्षा अधिक तपशील असतो. स्कॅन करणाऱ्या यंत्राला मोकळे सोडले तर ते गडद भाग आपोआप उजळते, आणि कलावंताने मुद्दाम झाकलेली टेबलाची कड किंवा पार्श्वभूमीचा पडदा दिसू लागतो. ज्या चित्राची सारी किमया आभासावर उभी आहे, ते अशाने उघडे पडते. म्हणून जेथे कलावंताने स्वतः केलेली प्रत उपलब्ध आहे तेथे तिच्यातील छटा प्रमाण मानणे आणि निगेटिव्हचा पूर्ण विस्तार अभ्यासासाठी स्वतंत्रपणे नोंदवून ठेवणे, ही जतनाची योग्य रीत समजली जाते. संग्रहालयातील काचेमागची प्रत मोबाइलवर टिपून पसरवली जाते तेव्हाही हाच बदल नकळत घडतो.

मूस यांच्या आयुष्याने मराठी वाचकांच्या दोन पिढ्यांना एका प्रेमकथेच्या रूपाने आकर्षित केले. छायाचित्रण शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी त्यांच्या कामाचा उपयोग अधिक व्यावहारिक आहे. मोठे शहर, दूरचा प्रवास किंवा महागडी साधने हाताशी नसतानाही, एक खोली, काही दिवे आणि सावली कोठे ठेवायची याचा पक्का निर्णय एवढ्या सामग्रीवर छायाचित्र उभे राहू शकते, याचे खानदेशातील उदाहरण म्हणून त्यांच्याकडे पाहिले जाते.